मंत्र्याची खुर्ची जावी, पण अटकेवर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१३० व्या घटनादुरुस्ती विधेयकावर सध्या दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते हे भ्रष्टाचारावरचं रामबाण औषध, दुसरी म्हणते ही लोकशाहीची हत्या, आणि मध्ये कोणी काही बोललं की लगेच तू नक्की कोणाचा असं विचारतात. मी कोणाचाच नाही, मतदार आहे, आणि मला यातलं अर्धं पटतं.

आधी पटतं ते सांगतो. २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत मांडलेल्या या विधेयकात असं आहे की पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग ३० दिवस कोठडीत असलेला पंतप्रधान, मुख्यमंत्री किंवा मंत्री ३१ व्या दिवशी पदावरून जाईल, सुटला तर परत येऊ शकेल. यामागचा विचार चुकीचा नाही. केंद्र सरकारचा साधा कर्मचारी ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला तर निलंबित धरला जातो, मग मंत्र्याला वेगळा नियम का? २०२४ मध्ये केजरीवाल महिनोनमहिने तुरुंगात होते आणि दिल्लीचे मुख्यमंत्रीही होते. आपल्याकडे नवाब मलिकांना फेब्रुवारी २०२२ मध्ये ईडीने अटक केली, आघाडी सरकारने खाती काढून घेतली पण मंत्रिपद ठेवलंच. तेव्हा राजीनाम्यासाठी भाजप रस्त्यावर उतरला होता, आणि २०२४ च्या विधानसभेला त्याच भाजपच्या मित्रपक्षाने मलिकांना तिकीट दिलं, भाजपने विरोध नोंदवला, प्रचार करणार नाही म्हणाले, पण युती काही तुटली नाही. म्हणजे नैतिकतेवर सोडलं तर काय होतं ते आपण बघितलंय, नियम हवाच.

पण नियम अटकेवर नको. अटक कोण करतं, तर तपास यंत्रणा, आणि ती कोणाच्या तरी सरकारच्या हाताखाली असते. पीएमएलए म्हणजे ईडी ज्याखाली अटक करते त्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्यात जामिनासाठी आरोपी दोषी नाही असं मानायला आधार आहे हे कोर्टाला पटावं लागतं, त्यामुळे ३० दिवसांत बाहेर येणं जवळपास अशक्य, दिल्लीचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री सिसोदिया यांना जामीन मिळायला १७ महिने लागले. झारखंडचे मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांचं तर बघा, जानेवारी २०२४ मध्ये राजीनामा दिला आणि त्यांना अटक झाली, जूनमध्ये हायकोर्टाने जामीन देताना ते दोषी नाहीत असं मानायला जागा आहे म्हटलं, आणि जुलैत ते परत मुख्यमंत्री झाले. मधले पाच महिने राज्याचा कारभार दुसऱ्याकडे गेला तो कोणत्याही निकालाशिवाय. आणि कागदावर पंतप्रधानांचं नाव घातलंय हे चांगलंच, पण सीबीआय, ईडी केंद्राच्याच अखत्यारीत असताना हे कलम प्रत्यक्षात कोणावर चालणार हे सांगायला घटनातज्ज्ञ लागत नाही.

यातून वाट आहे आणि ती नवीन नाही. कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने फेब्रुवारी २०१४ मध्ये २४४ वा अहवाल दिला, त्यात निवडणूक लढवण्याच्या अपात्रतेसाठी अटक नाही तर कोर्टाने केलेली आरोप निश्चिती हा टप्पा सुचवला, तोही पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांसाठीच. पोलिसांचं आरोपपत्र वेगळं आणि आरोप निश्चिती वेगळी हे लोकांनी समजून घ्यायला हवं, दुसऱ्यात न्यायाधीश कागदपत्रं बघतो, आरोपीच्या वकिलाचं ऐकतो आणि खटल्यात प्रथमदर्शनी दम नसेल तर तिथेच सोडून देतो. निवडणुकीच्या तोंडावर कोणाला अडकवू नये म्हणून अर्ज छाननीच्या आधीच्या वर्षभरात ठेवलेले आरोप धरू नयेत अशी सोयही आयोगाने सांगितली होती. हेच तत्त्व मंत्रिपदाला लावा, बाकी फार काही नवीन शोधावं लागत नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही अपात्रतेचा कायदा आम्ही करणार नाही, संसदेने करावा, असंच सांगितलं.

याला एक खरा आक्षेप आहे. आपल्या माणसाच्या खटल्यात आरोप निश्चितीच वर्षानुवर्षं लांबवली तर? आरोपीचे वकील तारखा घेत राहतील, सरकारी वकील गप्प बसेल, आणि खुर्ची शाबूत. म्हणून मुदत घालावीच लागेल, मंत्र्यांच्या खटल्यात आरोपपत्र दाखल झाल्यापासून ठराविक महिन्यांत निश्चितीवर निर्णय, आणि खासदार-आमदारांसाठीच्या विशेष कोर्टांना पुरेसे न्यायाधीश. मार्च २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने लोकप्रतिनिधींचे खटले आरोप निश्चितीनंतर वर्षभरात संपवा असं सांगितलं होतं, त्याची अंमलबजावणी नीट झाली असती तर आज हा वाद अर्धासुद्धा उरला नसता.

विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलंय आणि विरोधकांपैकी बऱ्याच पक्षांनी समितीत जायलाच नकार दिला, हे मला अजिबात पटलेलं नाही. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात, ती सरकारकडे एकट्याकडे नाहीत, म्हणजे विरोधकांच्या हातात खरी ताकद आहे, ती बाहेर घोषणा देण्यात घालवू नका. आत जा, 'अटक' हा शब्द काढून 'आरोप निश्चिती' घाला अशी दुरुस्ती लेखी द्या, आणि सरकारला भ्रष्टाचाराचीच खरी चीड असेल तर त्यांना ती नाकारायला कारण नाही.

आपला नम्र,
एक वाचक