न तपासताच ‘आढळले नाही’ : ईजीएफआर चाचणीबाबत तक्रार

विक्रोळी, मुंबई
१४ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पत्नीच्या ईजीएफआर जनुक चाचणीचा दिशाभूल करणारा रिपोर्ट

महोदय,

माझ्या पत्नीला (वय ५९) फुप्फुसाचा कॅन्सर आहे, ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारचा. तिने जन्मात विडी-सिगारेटला हात लावलेला नाही. अशा रुग्णांत ईजीएफआर जनुकात बिघाड सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून डॉक्टरांनी ही चाचणी लिहून दिली. २३ जूनला बायोप्सीत काढलेला गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक छातीशी धरून भर पावसात मी घाटकोपरहून मेट्रोने आपल्या अंधेरीच्या लॅबमध्ये आलो आणि ९,५०० रुपये भरले. सात दिवसांचा वायदा होता, रिपोर्ट आला ७ जुलैला. उशीर मी एक वेळ सोडून देईन.

पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापले आहे : ‘म्युटेशन आढळले नाही’, म्हणजे जनुकात बिघाड नाही. दुसऱ्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत : नमुन्यात कॅन्सरच्या पेशी ५ टक्क्यांहून कमी, या पद्धतीला किमान २० टक्के लागतात. म्हणजे तपासण्याजोगा नमुनाच नव्हता! डॉक्टरांनी ती तळटीप वाचली म्हणून कळले, नाहीतर केमोची तारीखही ठरली होती.

फोन केला तर आपल्याकडची मुलगी म्हणाली, “काका, निगेटिव्ह आलंय ना, मग चांगलंच की!” तिच्यावर माझा राग नाही, तिला कुणी सांगितलेच नसेल. या आजारात गणित उलटे आहे. सातव्या गुणसूत्रावरचे हे जनुक पेशीच्या पृष्ठभागावरचा एक रिसेप्टर घडवते. बाहेरून वाढीचा निरोप येऊन चिकटला की तो आत हुकूम सोडतो. जनुकात ठरावीक बिघाड झाला की निरोप नसतानाही हुकूम सुटतच राहतात. ते अडवणाऱ्या गोळ्या आहेत, जेफिटिनिब, ओसिमर्टिनिब. आम्ही घरी बसून ‘पॉझिटिव्ह’ येण्याची वाट बघत होतो.

शिवाय पावतीवर एक्झॉन (जनुकाचे भाग) १८ ते २१ लिहिले आहे, रिपोर्टमध्ये फक्त १९ आणि २१. बहुतेक बिघाड त्या दोन्हींतच सापडतात, मान्य. पण पैसे चारांचे घेतलेत.

मी बेस्टमध्ये तिकीट तपासनीस होतो. ज्या बसमध्ये चढलोच नाही, तिच्यापुढे ‘विनातिकीट प्रवासी आढळले नाहीत’ असा शेरा मी कधी मारला नाही.

तेव्हा हा रिपोर्ट रद्द करून ‘नमुना अपुरा, निष्कर्ष काढता येत नाही’ असा सुधारित रिपोर्ट पहिल्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत द्यावा. पूर्ण रक्कम परत करावी. नमुना अपुरा असल्याचे ज्या दिवशी दिसले त्याच दिवशी आम्हाला का कळवले नाही, याचे उत्तर लेखी हवे. डॉक्टर आता आधी रक्तावरची चाचणी करून बघणार आहेत. त्यातही काही दिसले नाही, तर तिच्या छातीत पुन्हा सुई घालावी लागेल.

सात दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पावती आणि रिपोर्टच्या दोन्ही पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

उरलेला ब्लॉक मात्र कुरिअरने पाठवू नका. शुक्रवारी सकाळी मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपला,
एक ग्राहक