विलीनीकरण : किचकट किती, गुंतागुंतीचे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणानुसार १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र आल्या आणि देशातील ग्रामीण बँकांची संख्या ४३ वरून २८ झाली. या विषयावरची चर्चा बहुधा भांडवल, थकीत कर्जे आणि मुख्यालयाचे ठिकाण यांपुढे जात नाही. एका सार्वजनिक बँकेच्या विलीनीकरणात शाखाधिकारी म्हणून सापडलेला माणूस या नात्याने, काउंटरच्या आतल्या बाजूने दिसलेली एक गोष्ट येथे मांडतो.

वेल्समधील अभ्यासक डेव्ह स्नोडेन यांनी १९९९ च्या सुमारास मांडलेली ‘कुनेव्हिन’ नावाची एक चौकट व्यवस्थापनशास्त्रात प्रचलित आहे. तिच्यातला एक भेद मला निवृत्तीनंतर वाचायला मिळाला आणि आधी मिळाला असता तर बरे झाले असते असे वाटले. काही कामे किचकट असतात, तर काही गुंतागुंतीची. घड्याळ उघडून पुन्हा जोडणे किचकट असले, तरी जाणकार कारागीर बसवला की ते होते. वेगळ्या झालेल्या दोन भावांची चूल पुन्हा एक करणे मात्र गुंतागुंतीचे. तेथे तज्ज्ञाचा आराखडा चालत नाही, थोडे करून पाहावे लागते, काय होते ते पाहून पुढचे पाऊल टाकावे लागते. विलीनीकरणात ही दोन्ही प्रकारची कामे एकाच वेळी येतात आणि आपण दोन्हींना एकच परिपत्रक लावतो.

खाती एका संगणक प्रणालीतून दुसरीत नेणे हे किचकट काम आहे आणि ते सोपे आहे असे मी म्हणणार नाही. देना आणि विजया या बँका १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. त्यांच्या सर्व शाखांची संगणकीय जोडणी पूर्ण व्हायला डिसेंबर २०२० उजाडला. पण हे काम योजनेने, चाचण्यांनी आणि रात्री जागून होते. आमचेही झाले. सोमवारी शाखा उघडली तेव्हा शिल्लक पैशापर्यंत जुळत होती आणि क्षेत्रीय कार्यालयातून अभिनंदनाचा फोनही आला.

जुळले नाही ते वेगळेच. आमच्या जुन्या प्रणालीत प्रत्येक खात्यासमोर शेऱ्याचा एक रकाना होता. ‘उजव्या अंगठ्याचा ठसा उमटत नाही, डावा घ्यावा’, ‘सही थरथरते, समक्ष ओळखून रक्कम द्यावी’, ‘शिल्लक मुलाला सांगू नये’ असे कितीतरी शेरे वर्षानुवर्षे त्यात साठले होते. नव्या प्रणालीत त्या रकान्याला जागाच नव्हती, त्यामुळे ते सारे पुसले गेले. विड्या वळून बोटे गुळगुळीत झालेल्या एक आजी निवृत्तिवेतन काढायला आल्या आणि ठसा जुळत नाही म्हणून नव्या रोखपालाने त्यांना परत पाठवले. त्याने नियमाप्रमाणेच केले. त्यांना चेहऱ्याने ओळखणाऱ्या आमच्या दफ्तरीची मागच्याच आठवड्यात बदली झाली होती. आजी तीन वेळा आल्या, तेव्हा कुठे प्रकार माझ्या कानावर आला. माझ्याच केबिनपासून दहा पावलांवर घडत असूनही.

त्या काळात आम्हाला प्रशिक्षण मिळाले नाही असे नाही. संस्थेत बदल कसा घडवावा याची, मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या नावाने शिकवली जाणारी ‘वितळवा, बदला, पुन्हा गोठवा’ ही त्रिसूत्री पडद्यावर दाखवून झाली. तिसरी पायरी आमच्या वाट्याला कधी आलीच नाही, कारण एक बदल अंगवळणी पडण्याआधीच दुसऱ्याचे परिपत्रक येऊन पडत असे. मुद्दा असा की कोणतीही चौकट शाखेतल्या माणसांना विचारण्याच्या ऐवजी वापरली गेली, तर तीही भिंतीवरच्या तक्त्यापलीकडे जात नाही. कुनेव्हिनचेही तसेच होऊ शकते.

म्हणून मागणी साधी आहे. सर्व शाखा एकदम बदलण्याआधी एकमेकींहून अगदी वेगळ्या चार-पाच शाखा निवडाव्यात : एक निवृत्तिवेतनधारकांची, एक पीक कर्जाची, एक बाजार समितीजवळची, एक डोंगरातली. तेथे नवी पद्धत चालवून पाहावी आणि फसली तर मागे घेता येईल अशी सोय ठेवावी. संध्याकाळी रोकड जुळवून झाल्यावर पंधरा मिनिटे सर्वांनी बसून ‘आज कोण रिकाम्या हाताने परत गेले आणि का’ एवढेच एका वहीत लिहावे, आणि ती वही निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः वाचावी. तिचे तक्ते करून शाखांची क्रमवारी लावली, तर दुसऱ्या दिवसापासून वहीत कोणी खरे लिहिणार नाही. आणि संगणकीय जोडणीनंतर किमान एक वर्ष प्रत्येक शाखेत, खातेदारांना नावाने ओळखणारा एक तरी जुना कर्मचारी, मग तो शिपाई का असेना, बदलीतून वगळावा.

आपला,
एक निवृत्त शाखाधिकारी, सोलापूर