लोकवर्गणी मागण्याआधी मागचा हिशेब वाचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पिसदुरा-डोंगरगाव परिसरात होऊ घातलेल्या जीवाश्म पायवाटेची, म्हणजे डायनासोरच्या काळातले दगड झालेले अवशेष दाखवणाऱ्या वाटेची, बातमी काल आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर वाचली. पायवाट व्हावी, तिच्यावर जागोजागी माहितीफलक लागावेत आणि त्यासाठी गावांनीही हातभार लावावा, याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. मात्र बातमीच्या शेवटी आपल्या प्रतिनिधींनी, गावकऱ्यांना या वारशाविषयी आस्था नसल्यामुळे वर्गणीला थंड प्रतिसाद मिळत आहे, असा जो निष्कर्ष काढला आहे, तो मला अजिबात मान्य नाही. याच पट्ट्यात माझे वावर आहे आणि वर्गणी कोण देत नाही व का देत नाही, हे मी रोज ऐकतो.

आस्था नसती तर मागच्या वेळी एक रुपयाही जमला नसता. काही वर्षांपूर्वी अशीच पावती पुस्तके घेऊन मंडळी दारोदार फिरली होती. माहितीफलक, बसायला एक शेड आणि सापडलेले दगड ठेवायला काचेचे कपाट, असे तेव्हा सांगितले गेले होते. माझ्या वडिलांनी कापसाच्या पहिल्या चुकाऱ्यातून पाचशे रुपये दिले. त्या वर्षी बोंडअळीने निम्मे पीक गेले होते आणि कृषी केंद्राची उधारी अंगावर होती, तरी त्यांनी दिले, कारण ते दगड आपल्या मातीतले आहेत ही त्यांची भावना होती. ती पावती आजही आमच्या घरी सातबाराच्या पिशवीत आहे. तिच्यावर शिक्का आहे आणि सही आहे, पण अनुक्रमांक नाही. त्या पैशातून फाट्यावर लोखंडी चौकटीचा एक फलक उभा राहिला. ज्या वावरांत हे दगड सापडतात, तिथून तो इतका दूर होता की फलक वाचणाऱ्याला नेमके कुठे जायचे हे कळण्याची सोय नव्हती. वरच्या अर्ध्या भागात पाहुण्यांची छायाचित्रे होती, त्याखाली मोठ्या देणगीदारांची नावे होती आणि माहितीसाठी तळाशी चार ओळी उरल्या होत्या. दोन उन्हाळ्यांत त्यावरची सगळी छपाई उडाली. आज नुसती चौकट उभी आहे. शेड झाली नाही आणि कपाटही आले नाही. किती पैसे जमले, किती लागले आणि उरलेले कुठे गेले, हे एकाही ग्रामसभेत वाचून दाखवले गेले नाही. वडिलांनी दोनदा उभे राहून विचारले, तेव्हा पुढच्या सभेत सांगतो असे उत्तर मिळाले. ती पुढची सभा पाहायला वडील आता राहिले नाहीत.

आता पुन्हा पावती पुस्तके निघाली आहेत आणि फिरणाऱ्यांत काही चेहरे तेच आहेत. लोकांचा हात आखडला आहे तो यामुळे. साध्या गणेश मंडळालासुद्धा वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. मग या कामाची परवानगी, बँकेतले स्वतंत्र खाते आणि सह्या करणाऱ्यांची नावे आधी जाहीर करायला कोणाची हरकत असावी?

थंड प्रतिसादाचे दुसरेही एक कारण आहे आणि आपल्या बातमीत त्याचा उल्लेखसुद्धा नाही. ही पायवाट कोणाच्या तरी वावरातून किंवा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणार आहे. आपले शेत एकदा वारसा म्हणून कागदावर चढले की नांगर घालायला बंदी येईल, विहीर खोदता येणार नाही आणि पुढे जमीनच सरकारजमा होईल, अशी भीती लहान कास्तकारांच्या मनात आहे. ती खरी की खोटी, हे त्यांच्यासमोर बसून आणि लेखी स्वरूपात कोणीतरी सांगायला हवे. ते न सांगता त्यांच्याकडूनच वर्गणी मागितली जात आहे. ज्याच्या धुऱ्यावर फलक रोवायचा, त्याला विचारण्याच्या आधी फलकाच्या उद्घाटनाला कोण येणार याची चर्चा सुरू झाली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वाईट वाटण्याचे कारण असे की सांगण्यासारखे आमच्या मातीत खरोखरच पुष्कळ आहे. पहिला दमदार पाऊस होऊन गेला की उघड्या वावरात मुठीएवढे, करड्या-तपकिरी रंगाचे दगड धुऊन वर येतात. आकाराने लांबट, अंगावर वळ्या, हातात घेतला तर दिसतो त्यापेक्षा जड. ही साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची दगड झालेली विष्ठा आहे. लाव्हाचे थर पसरण्याच्या काळात इथे पाणथळ जागा होत्या आणि त्यांच्या लाल-हिरवट चिकणमातीत ती टिकून राहिली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1860 च्या सुमारास पिसदुऱ्याची हाडे गोळा केली, तेव्हापासून जगातल्या अभ्यासकांना हे गाव ठाऊक आहे. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दगडांच्या आत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण शोधले आणि 2005 मध्ये ते जगापुढे मांडले. किमान पाच प्रकारच्या गवतांच्या खुणा त्यांत मिळाल्या. डायनासोरच्या काळात गवत होते आणि ते खाल्लेही जात होते, हे त्याआधी कोणी ठामपणे सांगू शकत नव्हते. ज्या भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या वखराने आणि डवऱ्याने गवत काढत आले, त्या भागातल्या मुलांना हे शाळेच्या सहलीत कळले पाहिजे. डोंगरगावच्या टेकडीत मिळालेल्या डायनासोरच्या सांगाड्याचे जैन आणि बंद्योपाध्याय या अभ्यासकांनी 1997 मध्ये वर्णन केले आणि 2003 मध्ये त्या प्राण्याला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेवरून (तिची इंग्रजी आद्याक्षरे आयएसआय) आयसिसॉरस हे नाव मिळाले. हाडे अभ्यासासाठी तिकडे गेली याबद्दल तक्रार नाही. पण ती इथून गेली, हे टेकडीच्या पायथ्याशी मराठीत लिहिलेले असावे.

येथे एक गोष्ट नाइलाजाने सांगावी लागते. आपण बातमीसोबत छापलेले चित्र अणकुचीदार दातांच्या, दोन पायांवर धावणाऱ्या शिकारी डायनासोरचे आहे. डोंगरगावचा सांगाडा तसल्या प्राण्याचा नव्हे. आयसिसॉरस लांब मानेचा, चार पायांवर चालणारा, पाला खाणारा होता. जिल्ह्याच्या दैनिकातच चुकीचे चित्र येणार असेल, तर उद्या फलक रंगवणारा तेच चित्र उतरवणार आणि वर्गणीच्या पैशातून ते कायमचे उभे राहणार. कृपया दुरुस्ती छापावी.

पायवाटेचा जो मार्ग सांगितला जातो तो पांदण रस्त्याने आहे. दगड दिसतात पावसाळ्यात आणि त्याच दिवसांत या पांदणीत बैलगाडीचे चाक आखापर्यंत रुतते. आम्ही खताच्या गोण्या डोक्यावर नेतो. म्हणून पैसा लागणारच असेल तर तो आधी पांदणीच्या मुरुमाला, मग दर दोन-तीन वर्षांनी फलक पुन्हा रंगवायला आणि सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांसोबत फिरणाऱ्या गावातल्या एका तरुणाच्या मानधनाला लागावा. असा माणूस हवाच, कारण आजवर बाहेरून आलेल्या अनेकांनी हे दगड थैल्या भरून नेले आहेत आणि बघा, हात लावा, पण उचलून नेऊ नका, हे सांगायला फलक पुरत नाही. कमान, पुतळा आणि कारंजे यांच्यासाठी मात्र कास्तकाराच्या घरून एक पैसाही घेऊ नये.

मागच्या वर्गणीचा हिशेब येत्या ग्रामसभेत पावत्यांसह वाचला जावा, एवढी माझी मागणी आहे. पैसे उरले नसतील तर तसे सांगावे, ऐकून घेण्याची लोकांची तयारी आहे. त्या सभेला आपले प्रतिनिधीही हजर राहिले तर बरे होईल. हिशेब वाचला गेला की त्याच सभेत मी माझी वर्गणी देईन आणि पायवाटेसाठी माझ्या धुऱ्यालगतची सहा फूट रुंदीची पट्टी वापरायला लेखी संमतीही देईन.

कळावे.

आपला,
एक कास्तकार
ता. वरोरा, जि. चंद्रपूर