खोल समुद्रातल्या डायव्हरकडे बीकन हवेच

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात पर्यटकाचा हात प्रशिक्षकाने धरलेला असतो. त्याची मला फारशी चिंता नाही. चिंता वाटते ती दूर समुद्रात, प्रवाहात उतरणाऱ्या डायव्हरची. वर यावे तर बोट लांब राहिलेली, आणि लाटांत माणसाचे डोके म्हणजे तरंगता नारळ, जवळून गेले तरी चटकन दिसत नाही. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन जोडपे असेच मागे राहिले. ते बोटीवर परतलेच नाही, हे लक्षात यायला दोन दिवस गेले. दोघे कधीच सापडले नाहीत.

आता मुठीत मावणारे जीपीएस बीकन, म्हणजे आपली जागा रेडिओवरून कळवणारे यंत्र, मिळते. पाण्याखालून त्याचा रेडिओ संदेश जात नाही, म्हणून ते जॅकेटला अडकवून न्यायचे. वर येऊन झाकण उघडले, अँटेना उभी केली की आसपासच्या बोटींच्या एआयएस, म्हणजे भोवतालच्या जहाजांची जागा दाखवणाऱ्या यंत्रणेच्या, पडद्यावर नेमकी जागा उमटते. मात्र बोटीवर एआयएसच नसेल तर उपयोग काय? दूर जाणाऱ्या बोटीवर एआयएस, डायव्हरच्या प्रत्येक जोडीकडे बीकन आणि परत निघण्याआधी नावे पुकारून हजेरी, या परवान्याच्या अटीच कराव्यात.

– एक वाचक, मालवण