ज्वालामुखी आधी, सीमारेषा नंतर

महोदय,

ज्वालामुखीचा धडा आला की फळ्याशेजारी जगाचा नकाशा टांगला जातो. त्यावर भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराच्या सरकत्या तुकड्यांच्या, सीमा आणि ज्वालामुखींचे ठिपके आधीच छापलेले असतात. 'ज्वालामुखी भूपट्टांच्या सीमांवर असतात' असे मुले वहीत उतरवून घेतात आणि धडा संपतो. मग हिमालयात ज्वालामुखी का नाहीत, या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

हा क्रम उलटा करायला हवा. मुलांना कोरा नकाशा आणि 40 ज्वालामुखींचे अक्षांश-रेखांश द्यावेत. पाच जणांचा गट केला तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ येतात आणि एका तासिकेत काम होते. सीमा वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर काढून ठेवाव्यात आणि दुसऱ्या तासिकेलाच नकाशावर ठेवाव्यात. नकाशा मात्र पॅसिफिक मध्यभागी असलेला हवा. नेहमीच्या नकाशात हा महासागर दोन कडांना तुटतो आणि त्याभोवतीचे ज्वालामुखींचे कडे मुलांना दिसतच नाही. पूर्व-पश्चिम रेखांशांची गल्लत हमखास होते. हवाईचा किलाउआ 155° पश्चिमेऐवजी 155° पूर्वेवर मांडला की सुमारे 5 हजार किमी सरकतो आणि सीमेजवळचा वाटू लागतो. सीमेपासून दूर असलेला म्हणून जो अपवाद शिकवायचा, तोच हातचा जातो.

त्याहून मोठी अडचण ठिपक्याच्या आकाराची. ए-फोर कागदावरच्या जगाच्या नकाशात 1 मिमी म्हणजे विषुववृत्तावर जवळपास 140 किमी. स्केचपेनच्या ठिपक्याखाली समुद्रातली गर्ता (भूपट्टांची सीमा जिथे असते तो तळाचा खोल चर) आणि ज्वालामुखी दोन्ही झाकले जातात, म्हणून ज्वालामुखी 'सीमेवरच' दिसतो. यावर उपाय म्हणजे आलेख कागद. 1 सेमीला 1 अंश धरून फक्त जावा बेट काढावे. त्यावर क्राकाटोआ, स्लामेत, मेरापी, केलूद, सेमेरू हे टोकदार पेन्सिलीने मांडावेत आणि दक्षिणेची गर्ता रेषेने दाखवावी. मेरापी 7.5° दक्षिणेवर आहे, तर त्याच रेखांशावर गर्ता 10° च्या आसपास. पट्टीने मोजले की अडीच-तीन सेमी, म्हणजे 300 किमीच्या घरात अंतर येते. आणि सगळे ज्वालामुखी गर्तेच्या उत्तरेलाच. दक्षिणेला एकही नाही!

इथे थांबून 'असे का?' हे मुलांनाच विचारावे. दक्षिणेकडचा सागरी भूपट्ट उत्तरेकडे तिरका खाली जातो. तो सुमारे 100 किमी खोल गेला की त्याच्या खनिजांतले पाणी वरच्या प्रावरणात (कवचाखालच्या खडकाच्या थरात) शिरते. पाण्यामुळे तिथल्या खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. 'भूपट्ट घासले जातात आणि घर्षणाच्या उष्णतेने खडक वितळतो' हे गाइडांतले स्पष्टीकरण चुकीचे आहे, ते कृपया थांबवावे. खरे कारण कळले की हिमालयाचे कोडेही सुटते. तिथे आता खंडाला खंड भिडला आहे, पाणी घेऊन खोल जाणारा सागरी भूपट्ट उरलेला नाही. आपला बॅरन बेटाचा ज्वालामुखी मात्र जावासारखाच आहे. तिथे भारतीय भूपट्ट अंदमानखाली जातो. यादीत तो हवाच.

ट्रेसिंग पेपर ठेवल्यावर न जुळणारे ठिपके लाल पेनाने घेरायला सांगावेत. त्यांत किलाउआ आणि हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा पितों द ला फुर्नेझ हे दोन असलेच पाहिजेत. दोन्ही सीमेपासून दूर, खोलातून वर येणाऱ्या उष्ण स्रोतावर आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारत याच रियुनियनच्या स्रोतावरून सरकत होता आणि दख्खनचा लाव्हा तेव्हा पसरला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. पुढचा माग लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस असा नकाशावर बोटाने काढता येतो. त्या ज्वालामुखी काळाची खूण पाहायला मुंबईच्या मुलांना लांब जावे लागत नाही. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी उभे राहिले की लाव्हा थंड होताना आकसून तयार झालेले बेसाल्टचे उभे खांब समोर दिसतात. सहल याच धड्याच्या आठवड्यात काढावी.

आपल्या शालेय पुरवणीत पॅसिफिक मध्यभागी असलेला कोरा नकाशा आणि 40 ज्वालामुखींची यादी एकदा पूर्ण पान छापावी, ही विनंती. असा नकाशा स्टेशनरीच्या दुकानांत सहसा मिळत नाही.

— एक भूगोल शिक्षक, दादर, मुंबई