जांभळा भिंतीला नको, कापडात आणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जांभळ्या छटांनी घर सजवण्याविषयी लेख आला होता. त्याचं कात्रण घेऊन माझ्याकडे अजून गिऱ्हाइकं येतायत, म्हणून हे पत्र. मी बेळगावच्या वडगावात पडदे, गाद्यांचे अभ्रे, उशांच्या खोळी शिवते. शिवणकाम माहेरचं, आणि सासरी माग, त्यामुळे सुताचा रंग बघायची सवय लग्नानंतर आपोआप लागली. लेख वाईट होता असं म्हणत नाही. वांगी, लव्हेंडर, वाईन, आमसुली या छटा वेगवेगळ्या ओळखून लिहिणारे थोडेच असतात. पण फोटो सगळे भल्यामोठ्या काचेच्या खिडक्या असलेल्या घरांचे, आणि सल्ला मात्र सरसकट: हॉलची एक भिंत गडद जांभळी करा, खोलीला राजेशाही रूप येईल. आमच्या गल्ल्यांतल्या घरांत तसं होत नाही.

आधी त्या कात्रणाचंच बोलते. बायका ते माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, काकू, हाच रंग पाहिजे. तो रंग देता येत नाही, कारण तो कागदावरही खरा नाही. वर्तमानपत्राच्या छपाईत जांभळी शाई वेगळी नसते. निळसर आणि गुलाबी शाईचे बारीक ठिपके शेजारीशेजारी, एकमेकांवर पडतात, डोळा त्यांचा जांभळा करतो. कागद आधीच पिवळट, आणि पिवळा म्हणजे जांभळ्याचा वैरी. त्या कागदावर लव्हेंडर राखाडी होतं आणि वांगी काळपट. पांढऱ्या कपड्यांना आपण जी पातळ नीळ देतो, तिच्यातही जांभळट डायच असतो. तो पिवळेपणा मारतो म्हणून कपडा पांढरा दिसतो. छापलेल्या कागदावर तेच उलट घडतं, एवढंच. मोबाईलचाही भरवसा नाही. खानापूरच्या बाजूला ओढ्याकाठी एप्रिल-मेमध्ये जांभळा तामण फुलतो, त्याचा फोटो काढून बघा. पुष्कळ मोबाईलमध्ये फुलं निळी येतात.

आता भिंतीकडे येते. अनगोळातल्या एका ओळखीच्या कुटुंबानं तो लेख वाचून हॉलची टीव्हीमागची भिंत गडद वांगी करून घेतली. दुकानातल्या कार्डावर सुरेख दिसत होती. घरी रात्री सात वाजता तिथल्या सूनबाईंचा मला फोन आला, "काकू, काळंच दिसूलंय की हो हे!" मी गेले, बघितलं. काळीच दिसत होती. सकाळी तीच भिंत छान होती, हेही खरं.

असं का होतं ते रंगाच्या कामात असलेल्या कुणालाही माहीत आहे, फक्त लेखात आलं नव्हतं. जांभळा दोन टोकांवर उभा असतो, एक तांबडं आणि एक निळं. पिवळसर दिवा लावला की त्यातलं तांबडं वर येतं आणि रंग तपकिरीकडे झुकतो. पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली निळं वर येतं. त्यातून स्वस्तातल्या एलईडीत गडद तांबडा प्रकाश मुळातच कमी असतो, त्यामुळे वांगी रंगाचा जीव जातो. तिन्हीसांजेला तर डोळाच बदलतो. उजेड कमी झाला की तांबडं आधी काळं पडतं, निळं मागं राहतं. हिरवी किंवा पिवळी भिंत दिवसभर बरीचशी स्वतःसारखीच राहते. जांभळी सकाळी एक, दुपारी एक आणि दिव्यात तिसरीच. ज्या घराला चारही बाजूंनी उजेड आहे तिथं ही गंमत वाटते. आमच्याकडे दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. पुढचा सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे परसू. माजघरात उजेड येतो तो काचेच्या कौलातून. तिथं गडद भिंत केली तर दुपारी बारा वाजता दिवा लावून तांदूळ निवडावे लागतील.

आणि पाऊस? बेळगावचा पाऊस मुंबई-पुण्याच्या पुरवणीत कुणी धरत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल असते. ओल वाळली की खार वर येतो, पांढरा, पिठासारखा. क्रीम भिंतीवर तो दिसत नाही, पुसून टाकता येतो. वांगी भिंतीवर पहिल्याच श्रावणात नकाशा उठतो. शिवाय गडद छटेला रंगाचा बेसच वेगळा लागतो, तो महाग, आणि दोन हातांत भागत नाही. पुढं मन बदललं तर वरून फिकट रंग चढवायला आधी प्रायमर, मग पुन्हा हातावर हात. नवीन सिमेंटचा गिलावा असेल तर तो नीट वाळेपर्यंत कुठल्याच रंगाची घाई करू नये. ताज्या चुन्या-सिमेंटचा क्षार काही रंगांना खाऊन टाकतो, आणि जांभळ्यात मिसळलेला एक रंग उडाला की दुसरा एकटा उरतो. मग भिंत कुठं गुलाबी, कुठं निळी.

पीओपीच्या खोबणीत जांभळी एलईडी पट्टी लावायची टूम निघालीय, तिच्याबद्दलही बोलायलाच हवं. नवीन घरं झालेल्या वस्तीत रात्री चालत जा, दर चौथ्या हॉलमधून जांभळा उजेड येतो. टीव्ही बघायला हवी तर लावा बापडे. पण जेवायच्या खोलीत लावू नका. जांभळ्या उजेडात हिरवा उजेडच नसतो. पिवळ्या वरणाला तांबूस रंग येतो आणि कोथिंबीर काळी दिसते. एका घरी वास्तुशांतीचं जेवण तसल्या उजेडात झालं. अळूची भाजी ताटात आहे हे मला चव घेतल्यावर कळलं.

मग जांभळा आणायचा कुठं? कापडात. हे मी माझ्या धंद्याच्या सोयीसाठी सांगते असं कुणी म्हणेल, म्हणू दे. कापड काढता येतं, धुता येतं, पावसाळ्यात घडी घालून ठेवता येतं, नाही आवडलं तर जावेला देता येतं. भिंत जावेला देता येत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डब्यातल्या रंगात जांभळा सपाट असतो. मागावर तो दोन सुतांतून होतो. ताणा तांबडा, बाणा निळा, की विणलेलं कापड जांभळं दिसतं. हलवलं की एका अंगानं तांबूस, दुसऱ्या अंगानं निळसर. धूपछाँव म्हणतात ते हेच. दिवा बदलला तर भिंत मरगळते, पण असलं कापड प्रत्येक उजेडात काहीतरी वेगळं दाखवतं. गुळेदगुड्डचा खण हातात घेऊन दारात उभं राहा, म्हणजे मी काय म्हणते ते दिसेल. तो बागलकोट जिल्ह्यातला, आपल्यापासून काही लांब नाही. इलकलही त्याच जिल्ह्यातलं. आमच्या शहापूर-वडगाव-खासबागेत तर मागच आहेत. एवढं सगळं आजूबाजूला असताना सोफ्यावर बाहेरून मागवलेलं जांभळं मखमली पॉलिएस्टर टाकायचं, उन्हाळ्यात त्याच्यावर बसवत नाही म्हणून वर पुन्हा चादर घालायची, हा प्रकार मला समजत नाही.

खणाची एक अडचण असते ती सांगून टाकते, नाहीतर मला दोष द्याल. त्याचा पन्हा अरुंद असतो. अख्खा पडदा खणाचा करायचा तर जोड येतात, आणि जोडावर नक्षी जुळवायला कापड वाया जातं. म्हणून पडदा साध्या सुती कापडाचा, फिकट, आणि त्याला खालून हातभर वांगी खणाची पट्टी. उशांना अख्खा खण चालतो. जुनी इलकल असेल तर तिचे काठ काढून ठेवा. अंग विरलेलं असतं, काठ बहुतेक वेळा धड असतात. चिक्की परास म्हणजे इलकलच्या काठाचा एक प्रकार, त्याचा तांबडा काठ फिकट जांभळ्या पडद्याला लावून बघा. मी लावलाय. त्या घरी आलेल्या पाहुण्यांनी आधी पडद्याला हात लावला, मग पाणी प्यायले.

राजेशाहीबद्दलही थोडं. माझी मुलगी रसायनशास्त्र शिकते, तिच्याशी या लेखावरून वाद झाला. तिनं सांगितलं की जुन्या रोमन राजांचा जांभळा समुद्रातल्या गोगलगायींतून काढायचे. १९०९ साली पॉल फ्रिडलँडर नावाच्या शास्त्रज्ञानं बारा हजार गोगलगायी घेऊन तो रंग काढला, तर हाती दीड ग्रॅमसुद्धा आला नाही. आपल्याकडे गोगलगायी नव्हत्या, पण कष्ट होतेच. निळीत बुडवलेलं सूत पुन्हा लाखेच्या नाहीतर मंजिष्ठाच्या तांबड्यात बुडवायचं, म्हणजे एका रंगाला दोन रंगांची मेहनत. मग १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा पोरगा मलेरियावरचं क्विनाईन बनवायला बसला आणि भांड्यात जांभळा रंग मिळाला. तिथून तो सगळ्यांना परवडायला लागला. म्हणजे राजेपण होतं ते किमतीत. आज डब्यातला जांभळा आणि डब्यातला हिरवा यांत राजा कुणीच नाही. आणि रंगाला सगळीकडे एकच अर्थ असतो असंही नाही: आमच्या कॅम्पातल्या चर्चमध्ये ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस जांभळी वस्त्रं असतात, तिथं तो पश्चात्तापाचा रंग. नवरात्रात जांभळ्याची पाळी आली की आमच्या गल्लीत सगळ्या नटून निघतात.

रंगाची जोडी कशाशी लावायची हे फरशी बघून ठरवावं. शहाबादी फरशी राखाडी असते, तिच्यावर फिकट जांभळं शांत दिसतं. क्रीम टाईल्स असतील तर जपून. त्या पिवळट, त्यांच्यावर जांभळा दुप्पट ओरडतो. तिथं वाईन किंवा आमसुली, म्हणजे तांबड्याकडे झुकलेली छटा घ्या आणि थोडी घ्या. सागवानी पॉलिशला वांगी रंग फार छान लागतो, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पांढऱ्या लॅमिनेटशेजारी मात्र तोच दवाखान्यातल्यासारखा वाटतो. आणि घरात एखादी कुंडी असेल तर जांभळी उशी तिच्याजवळ ठेवा. तामणाची फुलं एवढी भडक असून डोळ्याला टोचत नाहीत, कारण भोवती हिरवी पानं असतात.

स्वयंपाकघरात जांभळं काहीच नको. हळदीचा हात लव्हेंडरच्या पडद्याला लागला की डाग पिवळा न दिसता मळकट दिसतो, साबण लावला तर हळद तांबडी होते, आणि मग बाई घाबरून तो भाग घासत बसते. पश्चिमेच्या खिडकीलाही नको. जांभळे रंग उन्हात लवकर उडतात. लावायचाच तर मागं पांढरं जाड अस्तर घ्या. अस्तराचे पैसे वाचवू नका. पडद्याचं ऊन तेच खातं.

रंग जातो का, हे कापायच्या आधी बघा. पांढरा ओला फडका कोपऱ्यावर जोरात घासला की कळतं. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात. रंगवून झालेल्या कापडाचा होत नाही, वरचा सुटा रंग निघतो एवढंच, आणि तो साध्या पाण्यातही निघतो. पहिल्या दोन धुण्यांना वेगळं धुवा.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा निपाणी, खानापूर, शहापूर, कुठलंही चालेल, पण आपल्याकडच्या एका तरी घराचा फोटो घ्या. काचेचं कौल असलेलं माजघर असेल तर फारच बरं. आणि फोटो दिवसाचा की दिव्याचा, एवढं खाली लिहा.

दुसरी विनंती खडेबाजारातल्या आणि गणपत गल्लीतल्या कापड दुकानदारांना, आपल्यामार्फत. जांभळ्या कापडाचा वीतभर तुकडा गिऱ्हाइकाला एका रात्रीसाठी घरी नेऊ द्या. हवं तर अनामत ठेवून घ्या. दुकानातल्या झगझगीत उजेडात पसंत केलेला रंग दुसऱ्या दिवशी बदलून मागायला ती तुमच्याकडे येते, आणि तोवर मी कात्री चालवलेली असते.

आपली,
पडदे शिवणारी एक वाचक,
वडगाव, बेळगाव