विल्यमस्टाउनचा स्तंभ आणि नगरची दप्तरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील धर्म आणि सार्वजनिक स्मृती या विषयावर पीएचडी करू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी मॅसॅच्युसेट्समधील विल्यमस्टाउनच्या स्तंभाकडे जरूर वळावे. त्याचे दुसरे टोक आपल्या अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) आहे.

ऑगस्ट १८०६ मध्ये विल्यम्स कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी वादळात गवताच्या गंजीचा आडोसा धरून प्रार्थना केली आणि परदेशी मिशनचा संकल्प केला. त्यातूनच पुढे ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशन संस्था निघाली आणि तिचे मिशनरी मुंबई-नगरला आले. त्या प्रार्थनेच्या जागी आज १२ फुटी संगमरवरी स्तंभ आहे, माथ्यावर पृथ्वीचा गोल. पण तो उभारला १८६७ साली, आणि जागा ठरली ती पाचांपैकी बायराम ग्रीन यांनी १८५४ मध्ये दाखवली म्हणून. म्हणजे आधार ४८ वर्षांनंतरच्या आठवणीचा. स्तंभावर कोरलेल्या लेखावरून १८०६ चे काही सिद्ध करायला जाऊ नये. तो यादवी युद्धानंतरच्या अमेरिकेचा पुरावा आहे. बहुतेक प्रबंध घसरतात ते इथेच.

स्तंभावरच्या पाचांपैकी एकानेही मराठी मुलखात काम केले नाही. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने गेलेले गॉर्डन हॉल हेही विल्यम्सचेच, पण त्या नावांत ते नाहीत. नगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फॅरार यांना तर तिथे जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. जोतीराव फुल्यांनी मात्र त्यांच्या शाळांचा उल्लेख केला, तो १८५३ च्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकात छापलेला आहे. कोणाची आठवण दगडात गेली आणि कोणाची कागदावरच राहिली, हा या विषयाचा गाभा.

मिशनरींची पत्रे हार्वर्डच्या होटन ग्रंथालयात आहेत. बोर्डाच्या ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकात त्यांचे निवडक उतारेच छापले जात. म्हणून छापील मजकूर आणि हस्तलिखित शेजारी ठेवून गाळलेल्या ओळी वहीत उतरवाव्यात. खरे साहित्य त्याच ओळी. आफ्रिकेला वळसा घालून पत्र पोचायला चार-पाच महिने लागत, तेव्हा अंकाचा महिना घटनेची तारीख म्हणून धरू नये. शोधताना ‘अहमदनग्गर’, ‘महराट्टा’, ‘सिरूर’ (शिरूर) अशी जुनी इंग्रजी स्पेलिंग वापरावीत. आजच्या स्पेलिंगने निम्मे दप्तर हाती लागत नाही.

ही झाली अमेरिकेची बाजू. इकडची तपासायची तर मोडी यायला हवी आणि कागद शिल्लक हवा. नगर जिल्ह्यातील जुन्या चर्चच्या पंचकमिट्यांना कळकळीची विनंती: बाप्तिस्मा व लग्नाच्या जुन्या वह्यांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. प्लॅस्टिक काढता येत नाही आणि चिकटपट्टीचा डिंक कागद पिवळा करून शाई खातो. बांधणी न ताणता वरून फोटो काढावेत, प्रत्येक पानाचा क्रमांक फोटोत यावा आणि एक प्रत जिल्ह्याबाहेर ठेवावी.

आपला,
एक संशोधन-मार्गदर्शक, अहिल्यानगर